राज्य आपले झाले. आता जाब विचारायला शिका!



जाब देणे म्हणजे काय, हे गिरणी कामगाराला कुणी शिकवावे लागत नाही. थानात एक खोट निघाली की जॉबर विचारतो. त्याचे समाधान झाले नाही की मास्तर विचारतो. तार तुटली कशी? माग किती वेळ उभा होता? तू तेव्हा कुठे होतास? पाच मिनिटे उशीर झाला तर फाटकावर विचारणा, एक दिवस खाडा झाला तर खात्यात विचारणा. उत्तर पटले नाही की पगाराला कात्री. उभी हयात तुम्ही उत्तरे दिली, आणि तीही उभ्याने दिली.

मग आम्ही विचारतो, राज्याच्या थानात खोट निघाली तर कुणी कुणाला विचारायचे? गावच्या दवाखान्यात डॉक्टर नाही, शाळेत दोन वर्गांना मिळून एकच गुरुजी, तलावात गाळ, धानाचे चुकारे थकलेले, बंद गिरणीच्या कामगाराचे पैसे कुठल्या कपाटात अडकलेत त्याचा पत्ता नाही. ह्या खोटींचा जाब ज्याने द्यायचा तो मंत्री. ज्या जागी उभे राहून द्यायचा ती जागा विधिमंडळ. ज्याने मागायचा तो आपण निवडून दिलेला आमदार. आणि त्या आमदाराच्या हातात प्रश्न ठेवायचा तो आपण. ह्या चौकडीतला शेवटचा गडी झोपला, तर पहिले तिघे खुशाल गप्पा मारीत बसतात. आज आम्हांला बोलायचे आहे ते ह्या शेवटच्या गड्याशी.

हक्क फुकट मिळालेला नाही

१९५५ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या विधानसभेत राज्यपुनर्रचनेची चर्चा चालू होती. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, असा घाट होता. २१ नोव्हेंबरला कामगारांनी गिरण्या बंद केल्या आणि ते रस्त्यावर उतरले. त्यांनी पावले वळवली ती विधानसभेकडे. वाटेत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि १५ माणसे पडली. पुढे ह्या लढ्यात बळी गेलेल्यांचा आकडा शंभरावर गेला. त्या जागी आज हुतात्मा स्मारक उभे आहे.

एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या दिवशी कामगार कुणाच्या बंगल्यावर चालून गेले नव्हते. आपल्या राज्याचा निवाडा ज्या घरात होत होता, त्या घराच्या दाराकडे ते निघाले होते. आत बसलेल्यांनी बाहेरच्यांना उत्तर दिले पाहिजे, एवढी साधी गोष्ट त्यांना मागायची होती. १९५७ च्या निवडणुकीत त्यांनी ती मतपेटीतून मागितली. गिरणगावाने कॉम्रेड डांग्यांना लोकसभेत पाठवले, पुण्याने एस. एम. जोशींना विधानसभेत पाठवले. जो आवाज रस्त्यावर गोळीने दाबला, तो दीड वर्षात सभागृहात जाऊन बसला. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला आणि मराठी राज्यकारभाराची भाषा ठरली.

मराठी राज्याची खरी कमाई ती हीच. साहेबाच्या भाषेत अर्ज लिहून घ्यायला वकिलाच्या ओट्यावर बसायची पाळी उरली नाही. नांगर धरणाऱ्याला आणि माग चालवणाऱ्याला ज्या भाषेत भूक लागते, त्याच भाषेत मंत्र्याला प्रश्न विचारता येतो, आणि मंत्र्याला त्याच भाषेत उत्तर द्यावे लागते. दिलेले उत्तर खरे की खोटे, हे गावच्या पारावर बसून कुणालाही पडताळता येते.

गोंदियाच्या वाट्याला काय आले?

आता आपल्या झाडीपट्टीकडे या. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपला मुलूख भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. राजधानी नागपूर. गोंदियाहून सकाळची गाडी धरावी, नागपूरला मंत्र्याच्या कचेरीत जाऊन यावे आणि रात्री घरी भाकर खावी. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि राजधानी जवळजवळ हजार किलोमीटरवर जाऊन बसली. विदर्भातल्या माणसाला ही भीती आधीच वाटत होती. म्हणून तर २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. निधीत वाटा, नोकऱ्यांत लोकसंख्येच्या मानाने वाटा, आणि वर्षातून ठराविक काळ सरकारने नागपुरात येऊन राहायचे, विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन नागपुरात भरवायचे, असे त्यात लिहिले गेले. १९६० पासून नागपूरची अधिवेशने सुरू झाली.

हे अधिवेशन काही मुंबईच्या आमदारांना संत्री खायला घालण्यासाठी ठरलेले नाही. धान कापून झालेले असते, मळणी चाललेली असते, खरेदी केंद्रांवर रांगा लागलेल्या असतात. नेमक्या त्याच हंगामात सरकार आपल्या दाराशी येते. शेतकऱ्याला, विणकराला, विडी वळणाऱ्या बाईला आपली खोट मंत्र्याच्या नजरेसमोर धरता यावी, हा त्या कराराचा जीव आहे. दारात आलेल्या पाहुण्याला पाणी द्यावे तसा प्रश्नही द्यावा.

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. आठ तालुके, आणि २०११ च्या शिरगणतीत १३ लाख २२ हजार माणसे. विधानसभेच्या २८८ जागांत आपल्या जागा चार: गोंदिया, तिरोडा, अर्जुनी मोरगाव आणि आमगाव. २८८ मध्ये चार म्हणजे हजार तारांच्या ताण्यात चौदा तारा. त्या ढिल्या पडल्या तर कापडात दिसणारसुद्धा नाहीत.

त्याच १९९९ च्या मे महिन्यात, आपला जिल्हा झाल्यावर पाचच दिवसांनी, तिकडे विलायतेत स्कॉटलंड आणि वेल्सच्या लोकांनी आपापल्या नव्या विधिमंडळांसाठी पहिल्यांदा मते टाकली. लंडनच्या हातातला शाळा-दवाखान्यांचा कारभार त्यांनी आपल्या घरी आणला. स्कॉटलंडमध्ये सभा भरत असतात त्या आठवड्यांत दर गुरुवारी दुपारी बारा वाजता तिथल्या सरकारच्या प्रमुखाला सभागृहात उभे राहून उत्तरे द्यावी लागतात. तिथे सुमारे ४२ हजार माणसांमागे एक प्रतिनिधी पडतो. आपल्या महाराष्ट्रात २०११ च्या शिरगणतीने एका आमदारामागे ३ लाख ९० हजार माणसे येतात. म्हणून आपला एकेक प्रश्न तोलून, पारखून आणि पक्का करूनच आत गेला पाहिजे. वाया घालवायला आपल्याजवळ प्रश्न नाहीत.

सभागृहात जाब मागतात तो कसा?

विधिमंडळाच्या कामाची हत्यारे कामगाराने ओळखली पाहिजेत. धोटा कुठला आणि फणी कुठली हे न कळता माग चालत नाही.

पहिले हत्यार तारांकित प्रश्न. आमदार आगाऊ लेखी प्रश्न देतो. खात्याचे अधिकारी खालून माहिती मागवतात, उत्तर तयार होते, छापले जाते आणि सभागृहात प्रश्नोत्तराच्या तासाला तो प्रश्न पुकारला जातो. खरी गंमत पुढे आहे. छापील उत्तरावर मंत्र्याची सुटका होत नाही. प्रश्न विचारणारा आणि सभागृहातला दुसरा कुठलाही सदस्य त्यावर उपप्रश्न विचारू शकतो. छापील उत्तर अधिकाऱ्याचे असते, उपप्रश्नाचे उत्तर मंत्र्याच्या पोटातून यावे लागते. उत्तर अपुरे वाटले तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात आणि मंत्र्याला पुन्हा तयारी करून यावे लागते.

दुसरा अतारांकित प्रश्न. त्याचे उत्तर फक्त लेखी येते, उपप्रश्न नाही. आकडे काढून घ्यायला हा बरा. किती जागा भरलेल्या, किती रिकाम्या, किती पैसा आला, किती खर्चला, ते कागदावर येते आणि तो कागद सरकारच्या सहीचा असतो.

तिसरी लक्षवेधी सूचना. अचानक उद्भवलेल्या, लोकांच्या जिव्हाळ्याच्या बाबीवर मंत्र्याला निवेदन करायला लावते. चौथी अर्धा तास चर्चा. दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही तर तो धागा पुन्हा पकडता येतो. पाचवी कपात सूचना. अर्थसंकल्पात खात्याची मागणी आली की आमदार म्हणतो, ह्यातली रक्कम कमी करा, आणि त्या निमित्ताने खात्याचे सगळे धुणे चव्हाट्यावर धुतले जाते.

ह्या सगळ्यांच्या मागे समित्या आहेत. लोकलेखा समिती खर्च तपासते. पंचायती राज समिती जिल्हा परिषदांच्या कारभाराची झडती घेते. आणि कामगारांनी जिचे नाव पाठ करून ठेवावे अशी एक आश्वासन समिती आहे. मंत्री सभागृहात म्हणाला, "करू", "तपासू", "लवकरच निर्णय घेऊ", की त्याच्या शब्दाची नोंद होते. तो शब्द पाळला की नाही, हे ही समिती पाहते. पगारवाटपाच्या दिवशी तुमची बाकी वहीत मांडतात ना? तशी मंत्र्याच्या शब्दाची ही वही आहे. पण वही उघडून बघणारा कुणी पाहिजे!

उत्तर देण्याचीही एक कला आहे

विधानसभेची प्रश्नोत्तरे कधी वाचून पाहा. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, त्यानुसार कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? असा चार पायांचा तो खाट असतो.

आता उत्तराचा साचा ऐका. पहिल्या भागाला उत्तर येते, "हे खरे नाही." मग दुसरा, तिसरा, चौथा भाग आपोआप कोसळतो आणि पुढे छापले जाते, "प्रश्न उद्भवत नाही." गावात दवाखान्याला कुलूप, आणि कागदावर प्रश्नच उद्भवत नाही! दुसरे आवडते उत्तर म्हणजे "हे अंशतः खरे आहे." कोणता अंश खरा, ते शोधायला पुढचे अधिवेशन उजाडते. तिसरे म्हणजे "बाब तपासण्यात येत आहे." ही तपासणी कधी कधी इतकी चालते की तपासणारा साहेब निवृत्त होतो, दुसरा येतो, आणि पुन्हा पहिल्यापासून तपासतो.

दोष एकट्या मंत्र्याचा म्हणू नका. पुष्कळदा प्रश्नच लेचापेचा असतो. "गोंदिया जिल्ह्यातील आरोग्यसेवा कोलमडली आहे, हे खरे आहे काय?" असे विचारले तर "हे खरे नाही" ह्या तीन शब्दांत मंत्री मोकळा होतो. कोलमडणे कशाने मोजायचे? पण असे विचारा: अमुक तालुक्यातल्या अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मंजूर जागा किती? त्यांतल्या भरलेल्या किती? रिकाम्या जागा कोणत्या तारखेपासून रिकाम्या आहेत? त्या काळात तिथे बाळंतपणे किती झाली आणि किती बाया पुढे पाठवल्या? आता "हे खरे नाही" म्हणायला जागा कुठे उरली? प्रश्नात तारीख असली, जागेचे नाव असले, आकडा असला, की उत्तराला पळवाट राहत नाही. ढोबळ प्रश्न म्हणजे सैल पीळ. हाताला लागताच तुटतो.

कुणाच्या दारात कोणता प्रश्न?

दुसरी फसवणूक होते ती दाराची. माणूस चुकीच्या दारात उभा राहतो आणि "हे आमच्याकडे येत नाही" असे ऐकून परत फिरतो. म्हणून दारे नीट ओळखा.

गिरण्यांचेच उदाहरण घ्या. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल १९८६ साली राज्य शासनाच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. तेव्हापासून ती कायमची बंद पडेपर्यंत तिच्याबद्दल जाब देणारा मंत्री विधिमंडळात बसत होता. उलट अचलपूरची फिनले मिल राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे केंद्राची. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तिचा भोंगा थांबला. तिच्याबद्दल मुंबईत प्रश्न टाकला तर उत्तर येते, बाब केंद्राच्या अखत्यारीतील आहे. तिथे खासदाराने लोकसभेत विचारले पाहिजे. दोन्ही ठिकाणचा कामगार एकच, पोटही एकच, पण दारे दोन. म्हणून १९५७ साली लोकांनी एक माणूस दिल्लीला आणि एक मुंबईला पाठवला होता.

पण कामगाराचा प्रश्न केंद्राचा म्हणून आमदाराने हात झटकावेत असेही नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, ही त्यातली एक ठळक मागणी होती. १९४६ चा तो कायदा मुंबईच्याच विधिमंडळाने केलेला होता. गिरणी मालकाची असो नाही तर केंद्राची, तिच्या भोवतालचे पाणी, रस्ते, कामगार न्यायालये आणि कामगाराचे घर ह्यांचा जाब राज्याला द्यावाच लागतो.

आपल्या जिल्ह्यातली खासदारांची दारेही दोन आहेत. गोंदिया, तिरोडा आणि अर्जुनी मोरगावचे लोक भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात येतात. आमगावचे लोक गडचिरोली-चिमूरमध्ये. सालेकशाच्या कामगाराने भंडाऱ्याच्या खासदाराकडे अर्ज घेऊन जावे आणि हात हलवीत परत यावे, हे टाळता येण्याजोगे आहे.

तिसरे दार घरच्या शेजारी आहे, ते जिल्हा परिषदेचे. मामा तलावांचे पाहा. मालगुजारांच्या आणि कोहळ्यांच्या काळात बांधलेले हे तलाव म्हणजे आपल्या धानाची आई. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. गाळ दोन्हींत साचतो. पण लहान तलावाचा जाब आधी जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत मागायचा, आणि तिथे पैसा नाही असे उत्तर मिळाले की मग पैसा का नाही, हा प्रश्न आमदाराने विधानसभेत न्यायचा. खालच्या दारातले लेखी उत्तर हीच वरच्या दाराची किल्ली.

धानाच्या बोनसची गोष्ट

विचारल्याने काय होते, हे धानाच्या बोनसवरून दिसते. तुमच्यातल्या कितीतरी जणांचा एक पाय गिरणीत तर दुसरा बांधीत आहे, म्हणून ही गोष्ट तुमच्या घरचीच. हमीभावात धान परवडत नाही, ही आपल्या भागाची जुनी तक्रार. काही वर्षे राज्य सरकार क्विंटलमागे बोनस देत होते. तो ७०० रुपयांपर्यंत गेला होता. २०२१-२२ च्या हंगामात बोनस मिळाला नाही. ओरड झाली, मोर्चे निघाले, आमदार सभागृहात उठले. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात हेक्टरी १५ हजार रुपये जाहीर झाले, कमाल दोन हेक्टरांसाठी. डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात ते हेक्टरी २० हजार झाले.

म्हणजे विचारले तर मिळते. पण ह्या गोष्टीला दुसरी बाजू आहे. घोषणा होते ती डिसेंबरात. तोवर गरजू माणसाने धान व्यापाऱ्याच्या काट्यावर टाकलेले असते. क्विंटलचा बोनस हेक्टरवर का आणला, त्यात कुणाचा तोटा आणि कुणाचा फायदा झाला? दुसऱ्याची बांधी ठेक्याने कसणाऱ्याचे नाव सातबारावर नसते, त्याने काय करायचे? घोषणा झालेले पैसे किती शेतकऱ्यांच्या खात्यात कोणत्या तारखेला पडले? टाळ्या वाजल्या की हे प्रश्न मागे पडतात. आम्ही म्हणतो, टाळ्या खुशाल वाजवा, पण पुढच्या अधिवेशनात तारीख विचारा. घोषणा म्हणजे ताणा. बाणा पडल्याशिवाय कापड होत नाही.

विचारणाराच नाहीसा झाला तर?

२०२० हे साल कामगारांनी विसरू नये. रोगाची साथ आली हे खरे. पण त्या एका सालात जाब मागण्याची दारे एकामागून एक कशी बंद झाली ते मोजा. विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिलला संपली. गोंदिया जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. सप्टेंबरच्या अधिवेशनात संसदेने प्रश्नोत्तराचा तासच वगळला. डिसेंबरात नागपूरचे अधिवेशन झाले नाही. ते मुंबईत दोन दिवसांत उरकले. २०२१ चेही मुंबईतच झाले. जिल्हा परिषदेच्या निवडणुका पुऱ्या व्हायला २०२२ चा जानेवारी उजाडला. गिरणीचा भोंगा थांबला तो थांबला, प्रश्नाचाही भोंगा थांबला.

विकास मंडळाचे महत्त्व पुष्कळांना ठाऊक नाही. घटनेच्या ३७१ कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने महाराष्ट्राच्या राज्यपालांवर खास जबाबदारी टाकता येते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र ह्यांच्यासाठी वेगळी मंडळे, आणि त्यांच्या कामाचा अहवाल दर वर्षी विधानसभेपुढे ठेवायचा. ही तरतूद १९५६ सालची, मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ साली! मधल्या काळात दांडेकर समितीने १९८४ साली अनुशेषाचा हिशेब मांडला: राज्याचा एकूण ३१८६ कोटी, त्यातला विदर्भाचा १२४६ कोटी. मंडळ होते तोवर निदान दर वर्षी हिशेबाचा कागद सभागृहाच्या मेजावर यायचा, आणि आमदाराला त्यावर बोट ठेवता यायचे. मंडळ संपले, कागद संपला. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मंडळे पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयाचे पुढे काय केले, हा प्रश्न आपल्या चारही आमदारांनी अधिवेशनामागून अधिवेशन विचारीत राहिला पाहिजे.

उत्तर मिळेनासे झाले की माणसे काय करतात, हेही आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. आमगाव आणि भोवतालच्या गावांच्या नगरपरिषदेचा वाद न्यायालयात अडकला, कामे अडली, आणि २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या आठ गावांतून मागणी उठली की आम्हांला मध्य प्रदेशात घाला! अहो, ज्या मराठी राज्यासाठी कामगारांनी छातीवर गोळ्या झेलल्या, त्या राज्याच्या सीमेवरचा माणूस म्हणतो, आम्हांला बाहेर जाऊ द्या. त्याला मराठी नकोशी झाली म्हणून तो असे म्हणाला नाही. विचारून विचारून थकला म्हणून म्हणाला. सीमेवरच्या गावात नळाला पाणी आणि सभागृहात उत्तर मिळेल, तरच भाषेचे राज्य टिकेल. नुसत्या भाषणांनी सीमा राखली जात नाही.

आणि त्याहून काळीज कापणारी गोष्ट. २३ नोव्हेंबर १९९४. नागपूरचे अधिवेशन चालू होते. गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. त्यात आपल्या भागातलीही माणसे होती. आपल्या जातीच्या सवलतीबद्दल सरकारने उत्तर द्यावे, एवढेच मागणे. मोर्चा अडवला गेला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यात बाया आणि पोरे बहुसंख्य. ते विधानभवनापासून थोड्याच अंतरावर होते. प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला दारात तिष्ठत ठेवले तर काय होते, त्याची ही साक्ष नागपूरच्या रस्त्यावर आहे. ह्या ११४ जणांना मान द्यायचा तर स्मारकावर फूल वाहून भागणार नाही. बाहेरचा प्रश्न आत नेणारी वाट वर्षभर वाहती ठेवली पाहिजे.

मग करायचे काय?

आम्ही नुसते बोलून थांबणार नाही. हे करा.

प्रत्येक खात्यात, प्रत्येक चाळीत, गावच्या प्रत्येक टोलीवर एक वही ठेवा. खोट दिसली की तारीख घालून लिहा. दवाखाना किती दिवस बंद, शाळेत गुरुजी कधीपासून नाहीत, धानाचा चुकारा किती दिवस थकला. ऐकीव लिहू नका. पाहिलेले लिहा.

अधिवेशन भरल्यावर आमदाराकडे धावू नका. तेव्हा वेळ गेलेली असते, कारण प्रश्न कितीतरी आधी द्यावा लागतो. दिवाळीच्या सुमारासच त्याच्या घरी जा. शिष्टमंडळात युनियनचा माणूस असो, गावचा असो, आणि एक तरी बाई असो. नळ, दवाखाना आणि रेशन ह्यांचा हिशेब तिच्याइतका कुणाला ठाऊक नाही. प्रश्न लेखी द्या, चार ओळींत द्या, आकड्यासकट द्या.

मग विचारा, प्रश्न टाकला का? तारांकित टाकला की अतारांकित? यादीत लागला का? त्या दिवशी तुम्ही सभागृहात हजर होता का? आमदार कुठल्या पक्षाचा ते पाहू नका. सत्तेतल्या पक्षाचा आमदारही प्रश्न विचारू शकतो, आणि विरोधातला आमदारही झोपू शकतो. आपल्या आमदाराला वेळ नसेल तर शेजारच्या आमदाराला गाठा, विधानपरिषदेच्या सदस्याला गाठा. उपप्रश्न कुणीही विचारला तरी उत्तर तेच द्यावे लागते.

उत्तर आले की ते पाटीवर लिहून चौकात लावा. मंत्र्याने "हे खरे नाही" म्हटले असेल तर खाली आपल्या वहीतली तारीख लिहा. "लवकरच" म्हटले असेल तर तीन महिन्यांनी आश्वासन समितीला आपल्या आमदारामार्फत पत्र घाला. हे सगळे केल्यावर मोर्चा काढायचा तर खुशाल काढा. तेव्हा तुमच्या हातात झेंड्याबरोबर सरकारचेच लेखी उत्तर असेल, आणि अशा मोर्च्याला परत फिरवणे कुठल्याही मंत्र्याला जड जाते.

मत टाकल्याने राज्य आपले होते ते एका दिवसापुरते. उरलेल्या पाच वर्षांत ते आपले ठेवायचे असेल तर विचारीत राहावे लागते. गोंदियाच्या चार जागा थोड्या आहेत म्हणून हातपाय गाळू नका. चार आमदारांच्या मागे १३ लाख माणसांची वही उभी राहिली, तर "प्रश्न उद्भवत नाही" असे म्हणायची कुणाची छाती होते ते आम्ही बघतो.

वही काढा. पहिली ओळ आजच लिहा.

जय महाराष्ट्र!